लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल : त्या फोटोनंतरची दोन वर्षं

ओंजळ

काळा चष्मा लावलेली, छातीशी वही धरलेली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड, आणि तिच्या पाठीमागे तोंड फाडून ओरडणारी तिच्याच वयाची एक गोरी मुलगी. ४ सप्टेंबर १९५७ रोजी विल काउंट्स या तरुण छायाचित्रकाराने टिपलेला हा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढचं कथानकही थोडक्यात माहीत असतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं, नऊ कृष्णवर्णीय मुलं शाळेत गेली, वर्णभेद हरला.

मी लिटल रॉकमध्ये राहते. आर्कान्सा राज्याची ही राजधानी, वस्ती दोन लाखांच्या आसपास. माझी मुलगी याच सेंट्रल हायस्कूलमध्ये दहावीत आहे. इथल्या जुन्या लोकांशी बोलायला बसलं की फोटोपेक्षा त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल जास्त ऐकायला मिळतं. १९५८-५९ मध्ये शहरातली चारही सरकारी हायस्कूलं वर्षभर बंद होती. काळी मुलं गोऱ्या मुलांशेजारी बसण्यापेक्षा कुणीच शिकू नये, असं राज्यकर्त्यांनी ठरवलं आणि मतदारांनी त्यावर शिक्का मारला. इथे त्याला 'हरवलेलं वर्ष' म्हणतात. शाळेत प्रवेश मिळाला ही अर्धीच लढाई होती, ती शाळा सर्वांची म्हणून टिकवणं ही उरलेली अर्धी. त्याबद्दल मराठीत फारसं वाचलेलं नाही, म्हणून हा धागा.

आधी इमारतीबद्दल, कारण ती पाहिल्याशिवाय भांडण कशासाठी होतं ते कळत नाही. १९२७ साली पंधरा लाख डॉलर खर्चून ही शाळा बांधली. तेव्हा देशातली सर्वात सुंदर हायस्कूल म्हणून तिचं कौतुक झालं. तीन हजार मुलांची सोय, समोर पाण्याचा हौद, दोन्ही बाजूंनी चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि मुख्य दाराच्या वर चार पुतळे : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, काळ्या मुलांसाठी डनबार हायस्कूल झाली. खर्च सुमारे चार लाख, तोही काही अंशी देणगीतून. सेंट्रलच्या दारावर 'संधी'चा पुतळा होता, पण त्या दारातून आत जायची परवानगी शहरातल्या कुठल्याच काळ्या मुलाला नव्हती.

मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सरकारी शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं. लिटल रॉकचे शिक्षण अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी एक योजना आखली, आणि तिच्यातली मेख कुणी फारशी सांगत नाही. १९५७ साली शहराच्या पश्चिमेला, सधन वस्तीसाठी, हॉल हायस्कूल ही नवी शाळा उघडली. ती पूर्ण गोरी. एकत्रीकरण होणार ते फक्त सेंट्रलमध्ये, जिथे कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय गोऱ्यांची मुलं यायची. म्हणजे ज्यांनी निर्णय घेतला त्यांची मुलं त्यातून सुटली. सेंट्रलच्या आसपासच्या गोऱ्या पालकांच्या रागामागे वंशद्वेष होताच, त्याला ही फोडणीही होती. त्यांनी तो राग काढला मात्र नऊ पोरांवर.

ती नऊ : मिनिजीन ब्राउन, एलिझाबेथ एकफर्ड, अर्नेस्ट ग्रीन, थेल्मा मदरशेड, मेल्बा पॅटिलो, ग्लोरिया रे, टेरेन्स रॉबर्ट्स, जेफरसन थॉमस, कार्लोटा वॉल्स. त्यांना आधीच बजावलं होतं की खेळ, बँड, नाटक, कशातच भाग घ्यायचा नाही. फक्त वर्गात बसायचं.

२ सप्टेंबरला गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचं नॅशनल गार्ड (राखीव सैन्य) शाळेभोवती उभं केलं. शांतता राखण्यासाठी, असं कारण दिलं. ४ तारखेला मुलांनी एकत्र जायचं ठरलं, पण एकफर्डांच्या घरी फोन नव्हता. निरोप पोचला नाही. एलिझाबेथ एकटीच बसमधून उतरली. गोरी मुलं सैनिकांच्या रांगेतून आत जाताना तिला दिसत होती. ती पुढे झाली तर बंदुका आडव्या आल्या. मग मागे जमाव आणि पुढे पार्क स्ट्रीट. रस्त्याच्या टोकाच्या बसथांब्यावरच्या बाकापर्यंत ती चालत गेली. तिने घातलेला झगा तिने स्वतः शिवलेला होता, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी. बाकावर न्यूयॉर्क टाइम्सचे बेंजामिन फाइन तिच्या शेजारी येऊन बसले. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईंनी जमावाला तोंड देत तिला बसमध्ये चढवलं. बसने ती थेट आईच्या कामाच्या ठिकाणी गेली.

न्यायालयाने गार्ड हटवायला लावलं. २३ सप्टेंबरला नऊही जणांना बाजूच्या दाराने आत नेलं, तर बाहेर हजारावर लोक जमले. त्यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांना रस्त्यावर मारलं आणि दुपारच्या आत मुलांना बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर जवान पाठवले आणि २५ सप्टेंबरला मुलं पुढच्या पायऱ्या चढून आत गेली.

बंद वर्षाचं पुढच्या प्रतिसादात लिहिते.

केतकी_बेंटनविल

ओंजळताई, उत्तम सुरुवात. आम्ही याच राज्याच्या वायव्य टोकाला राहतो, इथे मराठी मंडळी भरपूर. पण लिटल रॉकला गेलो की कॅपिटल (विधानभवन) बघून परत फिरणारेच जास्त. त्या कॅपिटलच्याच आवारात या नऊ जणांचे पूर्णाकृती पुतळे आहेत, २००५ साली बसवलेले. गव्हर्नरच्या कार्यालयाच्या बाजूला तोंड करून ते चालत निघालेत असे उभे केलेत. ज्यांनी अडवलं त्यांच्याच खुर्चीसमोर. मला ती जागा फार आवडते.

पांथस्थ

आत गेल्यावर मुलांचं काय झालं? सैनिक तर वर्गात बसणार नव्हते.

ओंजळ

पांथस्थ, बरोबर प्रश्न. प्रत्येक मुलामागे एक जवान असायचा, पण तो वर्गाच्या दाराशी थांबायचा. न्हाणीघरात, कपडे बदलायच्या खोलीत, खेळाच्या तासाला कुणी नाही. जिन्यात ढकलणं, टाचांवर पाय देणं, लॉकर फोडून वह्या नासवणं हे रोजचं. मेल्बाच्या डोळ्यांत ॲसिड फेकलं गेलं. सोबतच्या जवानाने लगेच डोळे धुतले म्हणून ते वाचले. शिक्षकाने स्वतः पाहिलं नसेल तर तक्रार धरत नसत, आणि पाहायचं नसेल तर दिसत नाही. एअरबोर्नचे जवान नोव्हेंबरअखेर परत गेले. त्यानंतर जे गार्ड सप्टेंबरमध्ये मुलांना अडवायला उभं होतं तेच संरक्षणाला राहिलं.

डिसेंबरचा एक प्रसंग सांगते. जेवणाच्या सुट्टीत मिनिजीन हातात ताट घेऊन खुर्च्यांच्या अरुंद रांगेतून जात होती. मुलं मुद्दाम खुर्च्या सरकवून वाट अडवत होती. तिच्या ताटातलं चिली या तिखट रश्शाचं भांडं दोघांच्या डोक्यावर उपडं झालं. सगळी खानावळ चिडीचूप. आणि मग स्वयंपाकघरातल्या कामगारांनी, जे सगळे काळे होते, टाळ्या वाजवल्या. अर्नेस्ट ग्रीन यांनी ही आठवण सांगितलेली आहे. त्या बायामाणसांना नोकरीची भीती नसेल का? तरी वाजवल्या. मिनिजीनला आधी निलंबित केलं आणि फेब्रुवारीत दुसऱ्या एका भांडणावरून काढूनच टाकलं. मग शाळेत चिठ्ठ्या फिरल्या : 'एक गेली, आठ राहिले.'

आठांनी वर्ष पुरं केलं. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन सहाशेवर मुलांच्या तुकडीतला एकमेव कृष्णवर्णीय म्हणून हायस्कूलच्या पदवीच्या टोपी-झग्यात शेजारच्या स्टेडियममध्ये उभा राहिला. त्याचं नाव पुकारल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. प्रेक्षकांत त्याच्या घरच्यांबरोबर मार्टिन लूथर किंग बसले होते, तेव्हा एकोणतीस वर्षांचे.

शर्वरी

वाचतेय. डेझी बेट्स यांच्याबद्दलही लिहा ना. मुलांच्या धैर्याबद्दल सगळे बोलतात, पण त्या मुलांना रोज संध्याकाळी घरी बोलावून दिवसभराचं ऐकून घेणारी बाई मागे पडते.

ओंजळ

शर्वरी, अगदी खरं. डेझी बेट्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या राज्य अध्यक्ष. त्या आणि त्यांचे पती एल. सी. बेट्स मिळून आर्कान्सा स्टेट प्रेस हे साप्ताहिक चालवत. मुलं रोज त्यांच्या घरून निघायची आणि तिथेच परतायची. घराच्या खिडकीतून दगड आले, अंगणात क्रॉस जळले. जाहिराती तुटल्या आणि १९५९ साली साप्ताहिक बंद पडलं. नवराबायकोचं अख्खं उपजीविकेचं साधन गेलं. आज वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या इमारतीत आर्कान्साच्या वतीने त्यांचा पुतळा उभा आहे, २०२४ पासून. पण १९५९ मध्ये त्या घरात पैसा कुठून येत असेल, याचा विचार पुतळा पाहताना करावा असं मला वाटतं.

आता बंद वर्ष.

ऑगस्ट १९५८ मध्ये फॉबस यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि शाळा बंद करण्याचा अधिकार गव्हर्नरला देणारा कायदा करून घेतला. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कूपर विरुद्ध ॲरन खटल्यात सांगितलं की विरोध आहे म्हणून एकत्रीकरण पुढे ढकलता येणार नाही. न्यायालयाचा निर्णय कुठल्याही राज्याच्या गव्हर्नरला आणि विधिमंडळाला बंधनकारक आहे, हे त्या महिनाअखेरच्या सविस्तर निकालपत्रात स्पष्ट केलं. १२ तारखेलाच फॉबस यांनी शाळा बंदचा आदेश काढला. सेंट्रल, हॉल, काळ्या मुलांची होरेस मान, आणि तांत्रिक हायस्कूल, चारही. २७ तारखेला शहरात मतदान झालं. सर्व शाळांचं संपूर्ण एकत्रीकरण हवं की नको, असा प्रश्न घातला होता, मधला मार्गच नाही. १९,४७० विरुद्ध ७,५६१ मतांनी लोकांनी 'नको' म्हटलं.

३,६६५ मुलांची शाळा गेली. गोऱ्यांसाठी घाईघाईने एक खासगी शाळा निघाली, कुणी नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेलं, कुणी दुसऱ्या राज्यात. दहातल्या नऊहून अधिक गोऱ्या मुलांची काही ना काही सोय लागली. काळ्या मुलांतल्या सुमारे निम्म्यांची कसलीच लागली नाही. त्यातली काही मुलं कामाला लागली, काही सैन्यात गेली, काही मुलींची लग्नं झाली, आणि बरीच पुन्हा शाळेत परतलीच नाहीत. होरेस मानच्या मुलांनी तर सेंट्रलमध्ये अर्जही केला नव्हता. आपापल्या शाळेत शिकत होती, तिलाही टाळं लागलं.

शिक्षकांचे करार झालेले होते, त्यामुळे त्यांना रोज येऊन रिकाम्या वर्गात बसावं लागायचं. काही आठवडे टीव्हीवरून धडे देऊन पाहिले. आणि फुटबॉल मात्र चालू होता. शाळा बंद, वर्ग बंद, ग्रंथालय बंद, पण शुक्रवार संध्याकाळचा सामना ठरल्यावेळी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वेळ सुन्न व्हायला झालं. खेळाडूंचा काय दोष. पण शहराला कशावाचून राहवत होतं आणि कशावाचून नाही, ते त्यातून दिसतं.

झेडपीमास्तर

ताई, मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रिकाम्या वर्गात बसलेल्या शिक्षकांचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे कमी पटाच्या शाळा समूह शाळेत मिसळण्याची चर्चा निघाली, तेव्हा वाडीवरच्या बायका पंचायतीत येऊन बसल्या होत्या. कारणं वेगळी, पण गावातली शाळा गेली की आधी कुणाचं शिक्षण थांबतं ते आम्हाला ठाऊक आहे. दूरच्या शाळेत मुलींना कोण पाठवतं?

एक विचारतो. तिकडची 'पब्लिक स्कूल' म्हणजे आमच्या सरकारी शाळेसारखीच ना? फी नाही? मग डॉक्टर-इंजिनियरांची मुलंही तिथे कशी जातात? पैसा कुठून येतो?

निनाद

गुरुजी, मी सांगतो, मी या राज्यात मालमत्ता कर भरतो. फी नाही. मुलगा ज्या हद्दीत राहतो त्या हद्दीची शाळा त्याला घ्यावीच लागते. पैशाचा मोठा हिस्सा घरपट्टीसारख्या करातून येतो. आर्कान्सात घराच्या बाजारभावाच्या वीस टक्के ही करपात्र किंमत. दोन लाख डॉलरचं घर असेल तर चाळीस हजार. त्यावर हजारी पंचवीस डॉलर हा राज्यघटनेने घालून दिलेला किमान शाळाकर, म्हणजे वर्षाला हजार डॉलर. हद्दीतल्या लोकांनी मतदान करून त्याहून जास्त लावून घेतला तर तो वेगळा, आणि लिटल रॉकमध्ये तो बराच जास्त आहे. शाळामंडळही लोकांनी निवडलेलं असतं.

गोम इथेच आहे. जिथे घरं महाग तिथे शाळेकडे पैसा जास्त. २००२ मध्ये आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक व्ह्यू या एका छोट्या गरीब शाळाजिल्ह्याच्या (म्हणजे एका शाळामंडळाच्या हद्दीच्या) खटल्यात राज्याची शाळा-अनुदानाची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर राज्याला दर मुलामागचा खर्च आधी बाजूला काढावा लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून एवढं लांबण लावलं, पण शाळा कुणाची हे कळायला कर कुणाचा हे कळावं लागतं.

झेडपीमास्तर

लांबण नाही साहेब, हेच हवं होतं. धन्यवाद.

भीमाकाठ

ओंजळताई, धागा मनापासून आवडला. थोडी भर घालतो.

आपल्याकडेही हाच वाद शंभर वर्षं आधी झालेला आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. इंग्रज सरकारने आधी कच खाल्ली, एका मुलासाठी बाकीचे सोडून जातील म्हणून. १८५८ साली जाहीर केलं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या. कागदावर. त्यानंतर कित्येक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत लहानगे भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते. न्यायालयाचा निकाल आणि वर्गातला बाक यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे नातं एकतर्फी कधीच नव्हतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डुबॉइस यांनी उत्तर दिलं. तेव्हा लिटल रॉकची मुलं दूरची कुणी आहेत असं मला वाटत नाही.

आता शंका. शाळा उघडल्या कुणी? बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की चांगल्या गोऱ्या बायकांनी. खरं काय?

ओंजळ

भीमाकाठ, धारवाडचं मला माहीत नव्हतं, आभार. तुमच्या शंकेचं उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल.

१६ सप्टेंबर १९५८ ला, म्हणजे शाळा बंद झाल्यावर लगेच, ॲडॉल्फीन फ्लेचर टेरी यांच्या वाड्यात बायकांची बैठक झाली. टेरीबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या, शहरातल्या जुन्या घराण्यातल्या. त्यांनी आणि विवियन ब्रूअर, व्हेल्मा पॉवेल यांनी मिळून शाळा उघडण्यासाठी महिलांची आणीबाणी समिती काढली. पुढाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, चर्चवाल्यांनी तोंड उघडलं नव्हतं तेव्हा या उघडपणे बोलल्या. दारोदार पत्रकं वाटली, मतदारयाद्या घेऊन फोन केले, नवे कारखाने शहरात येईनासे झालेत हे आकड्यांनिशी दाखवलं. सदस्यांची नावं गुप्त ठेवली, कारण नवऱ्यांच्या नोकऱ्या जायची भीती. ती यादी थेट १९९८ मध्ये उघड झाली, आणि आता त्या वाड्याच्या काचांवर सगळी नावं कोरलेली आहेत.

पण समितीत एकही कृष्णवर्णीय बाई नव्हती. ठरवून. आपण एकत्रीकरणाच्या बाजूने नाही, फक्त शाळा उघडण्याच्या बाजूने आहोत, अशी त्यांची जाहीर भूमिका. ज्यांच्या मुलांसाठी भांडण चाललं होतं त्यांनाच घरात घ्यायचं नाही, हे मला आजही खटकतं, डावपेच म्हणून कितीही समर्थन केलं तरी.

मे १९५९ मध्ये पारडं फिरलं. शाळामंडळात तीन वर्णभेदवादी आणि तीन मवाळ सदस्य होते. मवाळ उठून गेले, आणि उरलेल्या तिघांनी चव्वेचाळीस शिक्षक-कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्याचा ठराव केला. त्यात सेंट्रलचे मुख्याध्यापक आणि दोन्ही उपमुख्याध्यापक होते. तिथे शहर चिडलं. कालपर्यंत गप्प बसलेले व्यापारी उठले, कारण हे त्यांच्या ओळखीचे मास्तर होते. सदस्यांना पदावरून हटवायचं का, यावर मतदान झालं २५ मेला, आणि तिन्ही वर्णभेदवादी निसटत्या फरकाने हरले. ते कुणाच्या मतांनी? पश्चिमेकडच्या सुखवस्तू गोऱ्या वस्त्या, आणि कृष्णवर्णीय मतदार. नुसत्या गोऱ्या मतांवर ते जमलं नसतं. म्हणून 'बायकांनी शाळा उघडल्या' हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. काळ्या वस्तीतल्या लोकांनी मत देण्यासाठी तेव्हा लागणारा कर भरून, रांगेत उभं राहून मत दिलं, आणि त्यांची नावं कुठल्याच काचेवर नाहीत.

जूनमध्ये न्यायालयाने शाळाबंदीचा कायदाही रद्द केला. १२ ऑगस्ट १९५९ ला शाळा उघडल्या. फॉबस यांचे समर्थक मोर्चाने आले तेव्हा शहराच्या पोलिसांनी त्यांना पाण्याच्या फवाऱ्यांनी पिटाळलं. दोन वर्षांपूर्वी हेच करता आलं असतं. जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स सेंट्रलमध्ये परतले. फेब्रुवारी १९६० मध्ये कार्लोटाच्या घरावर बॉम्ब फुटला. ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मे महिन्यात दोघांनीही हायस्कूल पूर्ण केलं.

केतकी_बेंटनविल

अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी शाळेत!

पांथस्थ

सगळं वाचलं, पण एक मुद्दा राहतो. आज आत काय आहे? मी ऐकलंय की एकाच छताखाली दोन शाळा चालतात, वरच्या दर्जाच्या वर्गांत गोरी आणि आशियाई मुलं आणि साध्या वर्गांत काळी. मग एवढं करून मिळवलं काय?

ओंजळ

हे ऐकीव नाही, खरंच आहे. शाळेवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी ते वारंवार मांडलंय. कॉलेजच्या दर्जाचे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे वर्ग इथे भरपूर, त्यासाठी शाळेचं नाव आहे, आणि त्या वर्गांत काळी मुलं शाळेतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी दिसतात. आपली मुलंही त्याच वर्गांत असतात. भारतीय पालकांच्या भेटीगाठीत कुठला विषय घ्यावा याची चर्चा होते, पण शेजारच्या वर्गात कोण बसतं याची होत नाही. ती व्हायला हवी.

तरीही 'मिळवलं काय' याच्याशी मी सहमत नाही. ही शाळा आजही सरकारी आहे, फुकट आहे. नवव्या इयत्तेच्या नागरिकशास्त्रात मुलं घरातल्या, वस्तीतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेऊन त्या काळच्या आठवणी गोळा करतात. हा उपक्रम शाळेत वर्षानुवर्षं चाललाय. माझ्या मुलीने आमच्या गल्लीतल्या एका आजोबांची मुलाखत घेतली. ते होरेस मानचे. बंद वर्षी सोळा वर्षांचे होते, लाकडाच्या वखारीत लागले. पुढे रात्रशाळेतून परीक्षा दिली, पण तिला सांगताना ते परीक्षेचं सांगेनात, वर्गातला कुठला बाक त्यांचा होता ते सांगत राहिले.

शर्वरी

आणि भांडण संपलेलंही नाही ना? २०१५ मध्ये राज्याने लिटल रॉकचं निवडून आलेलं शाळामंडळ बरखास्त केलं होतं असं आठवतंय.

ओंजळ

हो, जानेवारी २०१५. शहराच्या शाळाजिल्ह्यातल्या सहा शाळांचे निकाल वाईट म्हणून अख्खा शाळाजिल्हा राज्याने ताब्यात घेतला. सेंट्रल त्या सहांत नव्हती. पाच वर्षं इथल्या करदात्यांना स्वतःच्या शाळांवर मत नव्हतं. २०१९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग करायची टूम निघाली, चांगल्या निकालाच्या शाळा स्थानिक मंडळाकडे आणि बाकीच्या राज्याकडे. नकाशावर पाहिलं तर ही रेघ कुठून जाते ते लगेच कळत होतं. मधून जाणारा ६३० नंबरचा हायवेच शहराला गोरं आणि काळं असं कापतो. लोक सेंट्रलसमोर जमले, नोव्हेंबरमध्ये शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला. मंडळाची निवडणूक पुन्हा झाली ती २०२० मध्ये.

मग २०२३ चा नवा शिक्षण कायदा आला. शिक्षकांचं किमान वेतन वर्षाला पन्नास हजार डॉलर झालं, ते चांगलंच. त्याच कायद्याने खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा देण्याची सोय केली. त्याविरुद्ध सेंट्रलची मुलं वर्गाबाहेर आली. कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर सारा हकबी सँडर्स याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होता होता, आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट वर्गाचे गुण हायस्कूलच्या पदवीसाठी धरणार नाही असं राज्याच्या शिक्षण खात्याने कळवलं. सेंट्रलने वर्ग चालूच ठेवला. मार्च २०२४ मध्ये शाळेतल्याच एका शिक्षिकेने आणि विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली.

१९५८ ला शाळांचा पैसा गोऱ्यांच्या खासगी शाळेकडे वळवण्याचा प्रयत्न झाला होता, तो न्यायालयाने हाणून पाडला. आजच्या योजनेचा हेतू तोच आहे असं मी म्हणणार नाही, तिचा फायदा घेणारे सगळ्या रंगांचे आहेत. पण सार्वजनिक शाळेतून पैसा आणि जागरूक पालक हळूहळू बाहेर पडले तर मागे कोण उरतं, याचं उत्तर या शहराला एकदा मिळालेलं आहे.

निनाद

इथे मतभेद नोंदवतो. माझा मुलगा शिकण्यात अडचण असलेला आहे. हद्दीतल्या शाळेत त्याची दोन वर्षं वाया गेली, खासगी शाळेत तो वाचायला शिकला. सरकारी पैसा मिळाला म्हणून जमलं. शाळा टिकली पाहिजे हे मान्य, पण ती टिकवण्यासाठी माझ्या पोराने थांबायचं का?

ओंजळ

निनाद, मुलाला वाचता येऊ लागलं याचा मनापासून आनंद आहे. थांबायला मी कुणालाच सांगणार नाही. माझं मागणं एवढंच की पैसा घेणाऱ्या खासगी शाळांना कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाकारायचं याची मोकळीक नसावी. सेंट्रलला तुमच्या मुलाला नाकारता येत नाही. त्याला नीट शिकवता आलं नाही, तर ते मंडळाला निवडणुकीत विचारता येतं. खासगी शाळेला काय विचारणार?

निनाद

नाकारण्याच्या मुद्द्यावर सहमत. आम्हालाही दोन खासगी शाळांनी 'जमणार नाही' म्हणून सांगितलं होतं.

केतकी_बेंटनविल

ओंजळताई, दिवाळीनंतर मुलांना घेऊन यायचा विचार आहे. शाळा आतून बघता येते का?

ओंजळ

जरूर या. १९९८ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण शाळा चालू असल्यामुळे वाटेल तेव्हा आत शिरता येत नाही. रस्त्यापलीकडे नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याचं केंद्र आहे, तिकीट नाही. तिथल्या रेंजरबरोबरच आत जाता येतं, तेही शाळेच्या वेळापत्रकात बसलं तर, म्हणून आधी नोंदणी करा. मिनिजीन ब्राउन यांची मुलगी पूर्वी इथेच रेंजर होती. केंद्रासमोर जुना मोबिल पेट्रोल पंप आहे तसा जपलाय, १९५७ मध्ये पत्रकार तिथल्या फोनवरून बातम्या द्यायचे. एलिझाबेथ बसली होती त्या बाकाची प्रतिकृती पार्क स्ट्रीटवर आहे.

आणि मुलांना डनबारलाही न्या, तिथून ती फार लांब नाही. आता ती मिडल स्कूल आहे. सेंट्रल पाहून लगेच डनबार पाहिली की चार लाख आणि पंधरा लाखांतला फरक मुलांना आपोआप कळतो. शुक्रवारी आलात तर संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या.